गुडघ्याचं निमित्त

देवासच्या दवाखान्यात सासूबाई तपासणी करून बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या सुनेशेजारी टेकल्या.

"काय केलं आत, आईसाहेब?"

"अर्धा तास नुसतं विचारलं गं. खोकल्यावर लघवीचा थेंब जातो का, बाळंतपणं किती. मग डॉक्टरीणबाई म्हणाली, आतून तपासू का? नको असेल तर नाही म्हणा."

"मग?"

"मी बघतच राहिले! चार बाळंतपणं झाली, पण असं कुणी विचारलंच नव्हतं. हो म्हटलं. तिनं बोटानं हळूच तपासलं. म्हणे खाली स्नायूंची झोळी असते, श्वास सोडताना ती वर उचला. आणि कृतिका, उचलली गेली गं! बासष्ट वर्षं माझ्याच अंगात होती, अन् मला पता नाही!"

"दर्द झाला?"

"बिल्कुल नाही. रोज करायचंय, तीन महिने. विचारत होती, बरं होऊन काय करायचंय? म्हटलं, गौरीत फुगडी घालायचीय."

"पण फुगडी तर तुम्ही गुडघ्यामुळे सोडली ना?"

"गुडघा ठणठणीत आहे. लोकांना सांगायला गुडघा."

"आईसाहेब... गेल्या गौरीत मीही गुडघाच सांगितला होता."

"अगंबाई! मग ऊठ, चल आत. घाबरू नको, ती आधी विचारते."