टेलरवहिनींची मापं

मी काही कान देऊन ऐकत नव्हते, पण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत माझ्याच पुढे एक टेलरवहिनी नि त्यांची नणंद लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

“नणंदबाई, तू विंडोज काढून टाकलेल्या त्या लिनक्सने माझी मापं गिळली. उद्या नवरीचा ड्रेस कापायचाय.”

“सगळीच गेली?”

“नाही ना. तपासून झालेली, नेमकी तीच.”

“तपासून झालं की तू काय करतेस?”

“नावाआधी टिंब देते. वहीत वीस वर्षं देतेय.”

“अगं वहिनी, टिंबाने सुरू होणारी फाइल लिनक्स लपवून ठेवतं. कंट्रोल आणि एच एकदम दाब.”

“तूच दाब बाई.”

“कात्री चालवताना मला बोलावतेस का?”

“दाबलं. अगंबाई, आली की सगळी. नवरीसुद्धा.”

“मग ऊठ, नंबर सोडू.”

“थांब गं. सगळी टिंबं नावाच्या शेवटी नेते. तू हात लावू नकोस.”