चिंधी बांधलेलं वांगं

माझं माहेर हडपसरच्या पल्याड, आन् सासर ह्येच, खराडीच्या अंगाला. आता तुम्ही काचंच्या इमारती बघत आलात ना ताई, तिथं समदी ज्वारी व्हायची, आता आमचा येवढा तुकडाच राहिलाय मधी. नवरा गेल्यावर मी एकटीच बघते. रासायनिक खत नाय, फवारा नाय, सासूबाईंच्या येळंपासून नाय. संकरित बी आलं तवा आख्खी वाडी दुकानातनं पुड्या आनायला लागली, सासूबाई म्हनल्या, दरसाल दुसऱ्याच्या दारात बी मागायचं, ही कसली शेती? त्यांचं वांगं होतं, बारकं, काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचं. जाताना मला राखंत घोळलेलं ते बीच देऊन गेल्या.

बी कसं धरायचं, तर चांगल्या झाडाचं उमदं वांगं तोडायचं नाय. देठाला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कुनी हात लावत नाय, ते झाडावरच पिवळंजर्द होऊ द्यायचं, तवा बी पक्कं होतं.

तर तिकडच्या कंपन्यांतली मंडळी रविवारची शेती शिकायला यायला लागली. त्यातला एक चष्मेवाला मला म्हनला, काकू, तुमचं हे हेअरलूम आहे ना? मला वाटलं हँडलूम म्हनतोय, लुगड्याचं इचारतोय. म्हनलं, नाय बाबा, साधं सुती हाय. समदी हसली. तो वांग्याचं बोलत होता, हेअरलूम म्हंजी पिढीजात बी, हे मागनं कळलं. वर मलाच शिकवाय लागला, बिनरसायनाची शेती कशी करायची. मला!

एका रविवारी मी भाजी घेऊन बाजारात गेलेली. बहर सरत आला होता, झाडांवर बियाची वांगी तेवढी होती, आन् घरातलं बी त्या साली समदं पेरलेलं. परत आले तर वाफा चकाचक. चष्मेवाला पुढं आला, काकू, सरप्राईज! पिवळी पडलेली खराब वांगी काढून गाईला घातली, जुनी झाडंपन उपटली. आन् चिंध्या? चिंध्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या.

काय सांगू तुम्हाला, डोस्कंच फिरलं माझं. म्हनलं, तुमच्या हापिसात येऊन मी कॉम्प्युटरातलं समदं पुसून टाकलं तर चालंल का? तवा त्याचं तोंड उतरलं. म्हनला, काकू, बॅकअप नाही का? बॅकअप! सासू गेली, नवरा गेला, कुठनं आनू बॅकअप? चालते व्हा म्हनलं, आन् बांधावर बसून रडले.

पुढं उकिरड्यावर शेनातनं वांग्याची रोपं उगवली. चार जगली, रेघा त्याच. शिकल्यासवरल्या मानसांनी घालवलेलं बी माझ्या गाईनं पोटातनं राखलं, आता काय म्हनायचं ह्याला!

हाकलला तरी तो चष्मेवाला आताबी येतो. चिंधी दिसली की हात मागं बांधून उभा ऱ्हातो. परवा त्यानं वांग्याचं बी मागितलं. बी मागनाऱ्याला नाय म्हनायची आमच्यात रीत नाय. चिमूटभर हातावर ठेवलं, वर एक चिंधी दिली. म्हनलं, गॅलरीत कुंडीत लाव, हा माझा बॅकअप. औक्षवंत हो, पन पिवळं व्हायच्या आत तोडलंस तर याद राख.