वृषालीताईंनी खोडलेली ओळ

मंडळी, टाळ मांडीवर ठेवा, मृदंगालाही जरा विसावा द्या. एका प्रश्नावर मला तुमची मदत हवी आहे.

घरातल्या रांजणात पाल पडली. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुम्ही पाहुण्याला पाणी दिलं. चूक झाली. पाप? नाही म्हणता ना? बरं. आता समजा, पाल दिसली. पाहुण्याने पेला उचललाय, ओठापाशी नेलाय. आणि तुम्ही बोलला नाहीत! का? तर आपलं घर गलिच्छ आहे असं तो म्हणेल, ही लाज. आता सांगा. माना का खाली गेल्या?

ऐका मग. गोष्ट पुराणातली नाही. मेहकरची आहे, आणि चार वर्षांपूर्वीची.

वृषालीताई नागरे. मराठीच्या बाई. एका खाजगी शाळेत सात वर्षं शिकवलं. अक्षर असं, की फळा पुसायला पोरांचा हात धजत नसे. एका उन्हाळ्यात संस्थेने कळवलं, मराठीचे तास कमी केलेत, जूनपासून येऊ नका. नवरा दिगंबर कापसाच्या जिनिंगवर, वजनकाट्याला. दोन मुली. बाईंना एकच गोष्ट येत होती — लिहिणं.

कुणीतरी म्हणालं, फोनवर काम मिळतं, लेख लिहा, घरबसल्या पैसे. बाई शोधू लागल्या. एका साइटने आधी नोंदणीचे पैसे मागितले. भरले, साइटच दिसेनाशी झाली. दुसरीने परीक्षा म्हणून पाच लेख लिहून घेतले, नापास कळवलं, आणि महिन्याने तेच पाच लेख छापलेले सापडले. हसू नका. तुमच्याआमच्या पोरी आज हेच करतायत.

तिसरीने काम दिलं. मोबदला शब्दामागे, तोही रुपयांत नाही, पैशांत. संपादक म्हणून कुणी मेहुलसर. चेहरा कधी दिसला नाही, नुसते मेसेज. आधी दिवाळीच्या फराळावर लेख, मग मुलींच्या नावांचे अर्थ. मग सर म्हणाले, आरोग्यावर लिहा, वाचक तिथे आहेत. बाई म्हणाल्या, मी मराठीची, मला औषधातलं काय कळतं? सर म्हणाले, चार ठिकाणी वाचा आणि आपल्या शब्दांत लिहा. नाव डॉक्टरचं टाकू.

कुठला डॉक्टर, मंडळी? कुठलाच नाही. एक नाव बनवलं, एक फोटो लावला. झाला डॉक्टर! आपण देवाला फोटोत पाहतो आणि शंका घेतो. याला फोटोत पाहिला आणि नाडी हातात दिली.

बाईंनी साखरेच्या आजारावर लेख लिहिला. जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी, चाळीस दिवसांत गोळ्यांपासून सुटका. पण बाई मुळात प्रामाणिक. शेवटी त्यांनी एक ओळ घातली होती — आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नका. लेख परत आला. सरांनी लिहिलं होतं, शेवटची ओळ काढा, वाचक घाबरतो आणि निघून जातो.

बाईंनी दोन दिवस लेख तसाच ठेवला. धाकटीची फी भरायची होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बोटाने ती ओळ खोडली.

लेख धावला. या फोनवरून त्या फोनवर, या गावातून त्या गावात. सरांनी बाईंची पाठ थोपटली, दर वाढवला.

आता दिगंबरची आत्या ऐका. अनुसयाबाई, वय बासष्ट. दिगंबरची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. यांनी त्याला वाढवलं. वृषालीताईंना सासू म्हणून जे काय मिळालं ते हेच माणूस. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. सातवी शिकलेल्या, वाचायची भारी हौस. आणि बारा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या.

एके दुपारी वृषालीताई त्यांच्याकडे गेल्या. आत्याबाईंनी चहा ठेवला, बिनसाखरेचा, आणि कौतुकाने फोन पुढे केला. म्हणाल्या, हा डॉक्टर बघ किती चांगलं लिहितो, आपल्या घरात बसून बोलल्यासारखं. मी गोळ्या थांबवल्यात. अठरावा दिवस आज, अंग हलकं वाटतंय.

बाईंनी वाचलं. पहिलंच वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा.

मंडळी, पेला ओठापाशी आहे. बोला की, बाई!

बाई बोलल्या. काय बोलल्या? "आत्याबाई, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या ना." आत्याबाई हसून म्हणाल्या, "अगं, हा डॉक्टरच आहे की." आणि वृषालीताई गप्प बसल्या. त्यांनी मला सांगितलं, महाराज, शब्द घशापर्यंत आला होता. पण दिगंबर म्हणेल, तू खोट्या नावाने लिहितेस? आत्याबाई म्हणतील, यावर घर चालवतेस? बाईंनी चहा संपवला, कप विसळला आणि घरी आल्या. मनाशी म्हणाल्या, उद्या सांगू.

उद्या कामं होती. परवाही होती.

पंधरा दिवसांनी आत्याबाईंच्या टाचेला चपलेचा फोड आला. दुखेना, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. या आजारात दुखत नाही, हेच तर वाईट. फोड काळा पडला. ताप चढला. दिगंबरने त्यांना अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली आणि विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या?  वृषालीताई तिथेच उभ्या होत्या.

गुडघ्याखालून पाय काढला.

त्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात बसून, बाईंनी मेहुलसरांना लिहिलं — तो लेख काढा, माणसाचा पाय गेलाय. उत्तर आलं. लेख आता कंपनीच्या मालकीचा आहे, सगळ्यात जास्त वाचला जातो, काढता येणार नाही. आणि खाली, रक्तदाबावर असाच एक द्याल का?

बाईंनी ते काम सोडलं. पण खरं काम पुढेच होतं. आठव्या दिवशी त्या खाटेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, तो डॉक्टर कुणी नाही. ते मी लिहिलं होतं."

आत्याबाईंनी उरलेल्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "लिहिलंस ते पोटासाठी लिहिलंस. तुला काय ठाऊक, मी वाचेन म्हणून. पण त्या दुपारी तू माझ्यासमोर बसली होतीस, पोरी. तेव्हा तर माझे दोन्ही पाय होते."

 

दिगंबरला बाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने हात उचलला नाही, शिवी दिली नाही. सहा महिने तो मुलींच्या तोंडून बायकोशी बोलला. आत्याबाईंना त्यांनी आपल्या घरी आणलं. बाई त्यांची जखम धूत, त्यांना उचलून न्हाऊ घालत. आत्याबाई नाही म्हणत नसत, पण पूर्वीसारख्या गप्पाही मारत नसत. पुढच्या माघात दुसऱ्या पायातही तसंच सुरू झालं. या वेळी दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

बाई आज शिकवण्या घेतात. मला म्हणाल्या, महाराज, ही गोष्ट सांगा, पण माझं नाव झाकू नका. खोटं नाव एकदा लावून पाहिलंय. म्हणून नाव घेऊन सांगतो.

तर सांगा आता, पाप कधी लागलं? लिहिताना? थोडं. ओळ खोडताना? बरंच. पण ज्या दुपारी कळलं आणि जीभ हलली नाही, त्या दुपारी उरलेलं सगळं. चूक धुता येते हो, पण ती वेळेत धुवावी लागते!

तुमच्यातल्या किती जणांनी असा लेख पुढे पाठवलाय? हात वर करू नका, मला दिसतंय. आणि पुढे कधीतरी तो खोटा आहे हे कळलंही असेल. मग ज्याला पाठवला, त्याला फोन करून सांगितलंत? "काका, ते चुकीचं होतं" — एवढे चार शब्द?

थांबा. तुम्हाला विचारतोय, तर माझं आधी. गेल्या वर्षी याच सप्ताहात, याच जागी उभा राहून मी मुतखड्यावर एक काढा सांगितला होता. बायाबापड्यांनी लिहून घेतला. तो मी फोनवर वाचला होता. कुणी लिहिला, ठाऊक नाही. खरा की खोटा, ठाऊक नाही. आठ महिन्यांपूर्वी एका वैद्याने मला सांगितलं की त्या काढ्याने मूत्रपिंड बिघडतं. आठ महिने मी गावोगाव कीर्तनं केली आणि गप्प राहिलो. महाराज कसा चुकला, असं म्हणाल ना तुम्ही, म्हणून.

तो काढा कुणी घेत असेल, तर आजपासून बंद करा. आणि ज्यांना ज्यांना सांगितलात, त्यांच्या दारी आत्ताच जा. आरती थांबेल. तुम्ही जा.