बटन खुशबूच दाबेल

हॅलो?… हॅलो, कोण?… खुशबू! बोल, बोल. जय भीम, जय भीम. पोहोचले का चंद्रपुरात?… कॉम्प्युटरच्या दुकानातूनच बोलून राह्यली? वा! थांब जरा. रुखमा, तो टीव्ही कमी कर वं, नातीचा फोन आहे… मोहर्लीची खुशबू, अजून कोणती नात आहे तुले?… हां बेटा, बोल. तुही आजी विचारते, जेवली का म्हणून… समोसा? बरं, समोसा तं समोसा.

बाप कुठी?… बाजूलेच उभा आहे. चांगलं. मंगळवार म्हणून भेटला तो. आज वाघाचं जंगल बंद, म्हणून त्याची जिप्सी बंद. नाई तं कायचा येते चंद्रपूरले.

काय?… दुकानदाराशी मी बोलू? नाई… नाई म्हणलं ना… अगं ऐक तं. माजरीच्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो मी. शंभरेक शिकाऊ पोरं हाताखालून गेले. एकाच्याही हातातला पाना मी हिसकला नाई. त्याईले आधी राग ये, मंग काम ये… आला ना तुलेही राग? येऊ दे. बोलाचं तू. मी कानाशी आहे.

हळू काऊन बोलते?… तो ऐकते? ऐकू दे ना, दुकान त्याचंच आहे. नाव काय त्याचं?… विक्की. बरं, काय दाखवून राह्यला विक्कीभाऊ?… तयार डबा. लाल-निळे लाइट… पंखा इंद्रधनुष्यासारखा फिरते… अन् बापाले आवडला. त्याले आवडनच. खुशबू, पोळ्याले बैलाच्या शिंगाले रंग देते ना?… मंग रंग दिला म्हणून म्हातारा बैल जवान होते का?… हासू नको, विचार त्याले. प्रोसेसर कोणता? नाव सांगा, नंबर सांगा. मोठ्यानं विचार.

… काय म्हणाला?… “एकदम मस्त आहे”? हे काही प्रोसेसरचं नाव नाई बेटा. झाकण काढाले सांग… काढत नाई? मंग म्हण, “भाऊ, बाजारात वांगं घेतलं तरी आम्ही उलटून पाह्यतो, हे तं तीस हजाराचं आहे”… म्हणली?… बाप हसला? मंग अर्धं काम झालं.

निघालं झाकण? वाच आता… पुढचा आकडा सांग… अगं, हा तं तू प्राथमिक शाळेतही नव्हती तेव्हाचा आहे! अन् रॅमची पट्टी?… एकच. बरं. झाकण लावून दे म्हण, अन् धन्यवाद म्हण. भांडाचं नाई. आपल्याले सामान त्याच्यापाशीच घ्याचं आहे.

कोण बोलून राह्यलं मधातच?… बाप? दे त्याले.

राजदीप… हाव गा, ऐकून राह्यलो. तुही अट मले पाठ आहे. आज तुह्या डोळ्यासमोर चालू झालं तं कॉम्प्युटर, नाई तं त्याच पैशात जिप्सीचे टायर. पोरीनं कबूल केलं… हाव. पण तीन उन्हाळे मोह कोणी वेचला?… तेंदूपत्ता कोणी तोडला? मंग निवडू दे तिले… नाई, अभ्यासासाठी नाई. खेळासाठीच घेऊन राह्यली. मीच सांगतलं तिले, बापापाशी खोटं बोलजो नको… खेळून काय होते? तू रोज पाहुण्याईले वाघ दाखवून आणते. ते काय वाघाची परीक्षा द्याले येते?… हां. दे तिले फोन. अन् एसटी किती वाजताची?… साडेचार. आत्ता दोन वाजले. लय वेळ आहे.

खुशबू, यादी काढ. माही, लाल पेनवाली. पहिले काय लिहिलं?… पॉवर सप्लाय. काऊन पहिले?… बरोबर. संध्याकाळी सगळ्या रिसॉर्टचे एसी लागले का मोहर्लीत बल्ब पिवळा पडते. तिथी हलका पॉवर सप्लाय टिकन का? तो मरन, अन् मरता मरता बाकी सामानही घेऊन जाईन. तिथी पैसे वाचवाचे नाई. लाइटवाल्या पंख्यात वाचवाचे. पडदा घ्याचाच नाई, घरचा टीव्ही आहे… घेतला सप्लाय? हातात घेऊन पाह्य. जड आहे?… छान.

आता प्रोसेसर. नावाच्या शेवटी एफ असलेला, तो स्वस्त पडते. अन् चित्रासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं… काय?… कार्ड नाई?… आहे, पण आपल्या भावात नाई. किती म्हणते?… बापा रे!… वापरलेलं?… तेही पंधरा दिवसांनं.

थांब. थांब वं, मले विचार करू दे.

… हाव, आहे मी फोनवर. ऐक. एफवाल्यात चित्र काढाची सोयच नसते. कार्ड नाई लावलं तं मशीन चालू होईन अन् पडदा काळा राहीन. अन् बाप तं पडदाच पाह्यन… काय म्हणते तो?… “टायरचं दुकान इथी बाजूलेच आहे.” म्हणलंच त्यानं! रडू नको… रडत नाई? मंग आवाज काऊन असा?… समोसा तिखट होता. बरं.

बापाले म्हण, अर्धं सामान आज घेऊ, कार्ड पंधरा दिवसांनं… नाई म्हणते? आज म्हणजे आज. शब्दाचा पक्का आहे, माह्यावरच गेला. खुशबू, चूक माही आहे. कार्डाचा भाव मी मागच्या वर्षीचा धरला. तुही काहीच चूक नाई.

… काय?… दुसरी यादी? कोणती दुसरी?… तू केली होती ती? ती तं मी खोडली ना लाल पेननं!… अन् खोडलेलं पान घेऊन तू चंद्रपूरले गेली?

नाई, रागावलो नाई. पण मी काऊन खोडली, तुले माहीत आहे. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढाची सोय आहे, तो तू लिहिला. खाणीत आम्ही एका मोटारीले एक स्टार्टर ठेवत होतो. पाण्याचा पंप वेगळा, हवेचा पंखा वेगळा. एकाच्याच माथ्यावर दोन कामं टाकली, अन् तो जळला, तं दोन्ही बंद. अन् खाली माणसं… हाव. हाव, समजते मले. कॉम्प्युटरखाली माणसं नसते.

बरं, असं कर. मी शिकाऊ पोरगा, तू फोरमन. समजव मले. हिशोब करते तोच चित्रही काढते. त्याले चित्रासाठी जागा कुठून भेटते?… रॅममधून घेते. मंग रॅम कमी पडन… म्हणून सोळा जीबी घेतली. ठीक. मंग सोळाची एकच पट्टी घे ना, कायले दोन?… नाई? काऊन नाई?… सावकाश सांग… रॅमपर्यंत दोन रस्ते असते. एक पट्टी लावली तं एकच रस्ता चालते. आठ-आठच्या दोन लावल्या तं दोन्ही चालते, अन् चित्र डबल वेगानं येते… डबल नाई, पण लय. बरं, लय. म्हणजे बंडीले एक दांडगा बैल नाई, जोडी पाह्यजे.

हे मी तुले शिकवलं होतं?… नव्हतं. कुठून शिकवन? मलेच माहीत नव्हतं. मंग?… स्वतः वाचलं. तीनदा. अन् मी खोडलं तेव्हा बोलली काऊन नाई?… “आबाजीले वाईट वाटन.” अगं वेडे! वाईट तं मले आत्ता वाटलं असतं, टायर घेऊन मोहर्लीले परत गेली असती तं.

अन् पुढं-मागं कार्ड घेतो म्हणलं तं?… बोर्डावर जागा आहे, आज रिकामी ठेवाची. बजेटात बसते?… वरून उरते? रुखमा! ये इकडे, ये वं! माही यादी नापास झाली! खुशबूची पास!… पेढे नाई आणाचे अजून, चालू तं होऊ दे.

मंग काय पाह्यते? सांग विक्कीभाऊले, काढा सामान.

… काय म्हणते? “द्या, मी लावून देतो, दहा मिनिटांत होते”? त्याले चहा पिऊ दे म्हणा. हात तुहा. नखं कापली आहे ना? पहिले डब्याच्या पत्र्याले हात लाव, अंगातली बारीक वीज जाऊ दे. फोन स्पीकरवर ठेव अन् बाजूले टेकव. बापाले स्क्रूचा पेचकस धराले सांग, तेवढंच.

प्रोसेसर… कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे?… बोर्डावरही तसाच आहे. त्रिकोणावर त्रिकोण. दाबाचं नाई. जागा सापडली तं तो स्वतःच बसते… बसला? आता दांडी खाली… वरून ते थंड ठेवाचं मलम, वाटाण्याएवढं. पोळीवर तूप लावते तसं नाई!… हां.

रॅम… पहिल्या दोन खाचांत नाई, बोर्डाच्या पुस्तकात पाह्य… दुसरी अन् चौथी. मी हेच सांगणार होतो… नाई, नव्हतो सांगणार. खरं सांगतो, मलेही पाहावंच लागलं असतं. दाब, “टक” झालं पाह्यजे… ऐकलं! मले इथी ऐकू आलं!

… रुखमा, चहा ठेव इथीच. नाई, फोन ठेवत नाई. किती वाजले?… सव्वातीन. खुशबू, घाई करू नको. एसटी गेली तं दुसरी भेटन, प्रोसेसरचा दात वाकला तं नाई भेटत.

… झालं सगळं? दुकानातला पडदा जोडला?… मंग… कोण, कोण हात लावून राह्यलं? राजदीप, हात मागे घे! ऐकू आलं मले, तूच म्हणला “मी दाबतो”. खाणीत लाइन बंद करून जो कामाले जाय, चावी त्याच्या खिशात राहे. चालू तोच करे. साहेब आला तरी चावी देत नव्हतो आम्ही. बटन खुशबूच दाबन.

दाब बेटा… काय झालं?… पंखे फिरले. अन् पडदा?… काळा.

… विक्की हसला? हासू दे. बाप काय करते?… घड्याळ पाह्यते. बरं. मले सांग, आता काय कराचं?… नाई, मी नाई सांगणार. मले इथून दिसते का? तुह्या डोळ्यासमोर आहे. बंद कर, मागचंही बटन बंद कर. आता बोट ठेव. भिंतीपासून सुरू कर, अन् वीज कुठून कुठी जाते ते मोठ्यानं सांग. बापालेही ऐकू दे.

भिंतीतून सप्लायमध्ये… हां. सप्लायमधून जाडी वायर बोर्डाले… घट्ट आहे? हां. डिस्कले… हां. पंख्याले… हां. प्रोसेसरले… काऊन थांबली?… बोल ना… त्याले वेगळी वायर असते, वरच्या कोपऱ्यात. अन् ती?… मागेच लटकून आहे!

हा हा हा! बाकी सगळी पंगत वाढली, अन् नवरदेवच उपाशी! नाई, नाई, तुही एकटीची चूक नाई, मीही नाई आठवण दिली. लाव… बसली? मागचं बटन… हां. आता दाब.

… खुशबू?

… खुशबू, बोल ना वं.

… आलं? काय आलं?… अक्षरं! बोर्डाचं नाव! अन् रॅम किती दाखवते?… सोळा! पूर्ण सोळा! रुखमा, लागली! मशीन लागली वं!… कोण ओरडलं ते?… राजदीप? अख्ख्या दुकानात?… काय म्हणून राह्यला?… “माह्या पोरीनं लावली, माह्या पोरीनं.” घ्या! आत्तापर्यंत आबाजीची होती, आता त्याची झाली.

आता खरी परीक्षा. विक्कीले म्हण, तुमच्या डिस्कवरचा एखादा खेळ लावून दाखवा… लावते म्हणते? भला माणूस आहे… गाड्यांचा खेळ. आवाज येऊन राह्यला मले. कोपऱ्यात आकडा दिसते? एका सेकंदात तेवढी चित्रं. तीसच्या खाली गेला का गाडी अडखळते. वाच… बावन्न! गर्दीत घाल गाडी… अठ्ठेचाळीस! रस्ता सोड, झाडीत घाल… पन्नास! अन् तोच खेळ त्या लाइटवाल्या डब्यावर लावाले सांग… लावला त्यानं स्वतःच?… किती?

तेरा!

हा हा… ए, पहिले स्पीकर बंद कर, अन् हासू नको त्याच्यासमोर. मी हासतो, मी दूर आहे. काय म्हणते तो?… “लाइट तेवढे चांगले आहे.” खरं आहे, खरं आहे. लाइट चांगलेच आहे.

बाप काय करते?… डब्यासाठी मोठं पोतं मागून राह्यला, एसटीत धक्का नाई लागला पाह्यजे म्हणून. मांडीवर घेऊन बसतो म्हणते? बसू दे. तू लहान होती तं तुले घेऊन बसे, तसंच बसू दे.

ऐक खुशबू, आता घरी गेली का पहिले… काय? कोण?… गुरुजी? तुह्या शाळेचे?… नाई? मंग कोण गुरुजी?… भद्रावतीचे, पोराले कॉम्प्युटर घ्याले आले. तोच लाइटवाला डबा घेत होते… अन् तुले विचारून राह्यले, कोणता घेऊ म्हणून?… मंग मले काऊन विचारते? मले नको देऊ फोन, मी आत्ताच नापास झालो… सांग ना त्याईले. बजेट विचार आधी. अन् सावकाश सांगजो, मास्तर लोकाईले लवकर समजत नाई, अन् त्याईची यादी खोडजो न… हॅलो?… खुशबू?… हॅलो?

ठेवला.

रुखमा, ठेवला वं पोट्टीनं. माहं बोलणं पूर्णच झालं नव्हतं अन् ठेवला! गुरुजीले शिकवाले गेली… राग? कायचा राग? आण तो चहा… थंड झाला तं होऊ दे. अन् साखर टाक आज. डॉक्टरले मी पाह्यून घेतो, तू दोन चमचे टाक.