बिटावरचा आळ

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, विषय लघवीचा आहे. मी तेव्हा खराडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो. एका सकाळी लघवी लालभडक झाली. आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली होती, म्हटलं हेच कारण. पण बग, म्हणजे बिघाड, दिसला की तो परत घडवून बघायची टेस्टरची खोड जाते कुठे? त्या रात्री मुद्दाम वाडगाभर बीट खाल्लं. सकाळी लघवी एकदम स्वच्छ. बायकोला सांगितलं, "बग परत येत नाही. विषय बंद."

तिने मला धरून सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझा प्रयोग शांतपणे ऐकून घेतला.

"दुखतंय कुठे?"

"अजिबात नाही."

"न दुखता रक्त आलं की मला जास्त काळजी वाटते. खडा असेल, इन्फेक्शन असेल, गाठही असेल."

"पण डॉक्टर, परत बीट खाऊनसुद्धा लाल झाली नाही."

"म्हणजे बीट निर्दोष सुटलं. तुम्ही अजून अडकलेलेच आहात. सोनोग्राफी करून या."

मुतखडा निघाला. अजूनही कोशिंबीर वाढताना बायको म्हणते, "आधी बिटाची माफी माग."