रशियन बाई आणि मी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय बर्नार्ड साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, उम्म अल कुवैनच्या सॅटेलाइट अर्थ स्टेशनमधले सर्व सहकारी आणि बर दुबईहून ट्रॅफिक सोसत आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

सत्कारमूर्तींची बायको म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. खरं तर आज निवृत्त दोघं आहेत. एक माझे यजमान गुणवंत, आणि दुसरा त्यांनी सांभाळलेला तो दळणवळण उपग्रह. तुम्ही ऑफिसात लाडाने त्याला ‘रशियन बाई’ म्हणता. मी घरी काय म्हणते, ते अध्यक्षांसमोर सांगत नाही.

तिची सगळी कुंडली मला पाठ आहे. सवतीची माहिती नको का ठेवायला? जन्म सायबेरियाचा, वजन अडीच टन, टीव्ही आणि फोन वाहणारे सोळा ट्रान्सपॉन्डर, झेनॉन वायूवर चालणारी इवलीशी इंजिनं. आयुष्य ठरलेलं बारा वर्षांचं, बाई टिकल्या अठरा. इंधन कमी पडलं तशी रोज आकाशात वर-खाली डोलायला लागली, आणि हे तिच्यामागे अँटेना फिरवत बसले. मी हाक मारली तर ओ नाही.

मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला ती रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जाते. तेवढा वेळ ऊन नाही, सगळी भिस्त बॅटरीवर. तेव्हा म्हणे तिला एकटं सोडायचं नसतं. आता मला सांगा, पाडवा कधी येतो? गणपती कधी येतात? गुढी मी एकटीने उभारली, आरतीला टाळही मीच वाजवले. आमची सृष्टी म्हणते, “ममा, इट्स जस्ट अ सॅटेलाइट.” असेल. पण माझा जळफळाट खरा होता, आणि अजून आहे.

गेल्या महिन्यात यांनी तिला तीनशे किलोमीटर वर, निवृत्त उपग्रहांच्या कक्षेत पाठवलं. उरलंसुरलं इंधन संपवलं, रेडिओ बंद केला आणि घरी येऊन रडले. मला एअरपोर्टवर सोडताना कधी डोळे ओले झाले नाहीत हो यांचे. मी मनात म्हटलं, खलास, सुटले एकदाची. तर जेवताना म्हणतात, “सुचित्रा, तिथून ती हळूहळू पश्चिमेला सरकते. तीन महिन्यांनी परत आपल्या डोक्यावर येईल.” कॅलेंडरवर खूणसुद्धा करून ठेवलीय.

असो. तुम्ही हा सत्कार केलात आणि मला बोलू दिलंत, मनापासून आभार. मत्सराच्या भरात काही वावगं बोलले असेन तर पोटात घाला.

आणि गुणवंत, ती येईल, पण तिचा रेडिओ बंद आहे. कितीही हाका मारल्यास तरी ओ देणार नाही. एकदा मला हाक मारून बघ.