सहा मराठी शब्दांची नॅशनल टीम

समस्त मराठी जनतेला अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एका आफ्रिकन देशाचं फुटबॉलमधलं भवितव्य एका शनिवारी दुपारी नॉर्थ कॅरोलिनातल्या मराठी माणसांच्या घशात अडकलं होतं, आणि ह्या गोष्टीची नोंद आजवर कोणीही घेतलेली नाही. हसू नका. असंच लिहा, पहिलं वाक्य असंच पाहिजे. कोल्हापुरात मॅचच्या आधी लाऊडस्पीकरवाला असंच बोलायचा, जसं काही युद्ध जाहीर करतोय.

माझं नाव सॅम्युएल. कोल्हापुरात शामराव. सात सीझन फुटबॉल खेळलो मी तिथल्या एका पेठेच्या तालमीकडून, तिकडं क्लबला तालीमच म्हणतात, पहिल्याच आठवड्यात माझा सॅम्युएलचा शामराव झाला, आणि खरं सांगतो, मला तेच नाव जास्त शोभतं. देशाचं नाव लिहू नका. लहान देश आहे आमचा, नकाशावर करंगळी ठेवली तर झाकून जातो, आणि तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात, क्रीडामंत्री तर माझ्या बायकोच्या गावचा. नाव नको.

वडील शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे, आणि मैदानाच्या फाटकाची किल्ली त्यांच्याकडं. म्हणजे बघा, गावात मैदान कुणाचं, तर आमचं. बाकीच्या पोरांना चार वाजेपर्यंत थांबायला लागायचं, मी पहाटेपासून आत. मी चांगला खेळलो ह्यात माझं काय कौतुक, किल्लीचं कौतुक. तर एकोणिसाव्या वर्षी मला नॅशनल टीममध्ये घेतलं. सहा नंबरची जर्सी. ती घालूनच विमानतळावर गेलो, अख्खं घर पोचवायला आलेलं, आई, आत्या, शाळेचे हेडमास्तर, आणि विमान सुटायला दीड तास असताना फेडरेशनचा सेक्रेटरी आला आणि म्हणाला, स्पर्धेतून आपलं नाव मागं घेतलंय, वरून निरोप आहे, हरून येण्यापेक्षा न गेलेलं बरं. आणि जर्सी परत द्या म्हणाला. काय सांगू तुम्हाला, अठरा पोरं विमानतळावर जर्सी उतरवतायत. मी बनियनवर घरी आलो. आईनं वाटेत तिची शाल माझ्या अंगावर टाकली. तेव्हापासून पुढची काही वर्षं आमची टीम नव्हतीच. माझी ती वर्षं तशीच गेली. देशाकडून मी एक मिनिट खेळलेलो नाही. एक मिनिट.

मग एका एजंटानं भारतात पाठवलं. मला वाटलं मुंबई. उतरलो कोल्हापुरात. तुम्हा पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही, पण तिथं फुटबॉल म्हणजे वेड आहे, पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की भाऊभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. आमचे आबा वस्ताद, सत्तरीचे, धोतर, हातात छत्री, कधी फुटबॉलला पाय लावला नसेल, पण कडेला उभे राहून असं ओरडायचे की मैदानाच्या पलीकडची म्हैस दूध द्यायची थांबायची. मला मराठी येत नव्हतं, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी मला सहा शब्द शिकवले. म्होरं, मागं, थांब, दाब, हाण, सोड. झालं. बाकीचं मराठी मी नंतर दूध कट्ट्यावर, म्हशीचं ताजं दूध प्यायला लोक जमतात तिथं, शिकलो, त्यातलं निम्मं तुम्ही छापू शकणार नाही. पण मॅच जिंकायला सहा पुरतात. सात सीझनमध्ये आम्ही जे जिंकलो ते त्या सहांवर.

मग गुडघा गेला. ग्रेस, माझी बायको, नर्स आहे, तिला इकडं नॉर्थ कॅरोलिनात काम मिळालं, मी तिच्या मागं आलो. मॉरिसव्हिलला मी मैदानं सांभाळतो. गवत कापतो, पांढऱ्या रेघा मारतो, गोलच्या जाळ्या शिवतो. आणि संध्याकाळी दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो, बहुतेक सगळी तुमचीच, आयटीवाल्यांची. पहिले सहा महिने कुणाला पत्ता नव्हता. मग एकदा एका पोरीनं बॉल सरळ माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर मारला, आणि माझ्या तोंडून निघालं, आई गं, मेलो की रं! कडेला खुर्च्या टाकून बसलेले सगळे आईबाप उठून उभे. शुभांगीताई होत्या त्यात, पुण्याच्या, डेटाबेसचं काम करतात, त्यांनी तर हातातली कॉफी सांडली. तुम्हाला मराठी येतं? म्हटलं, व्हय, थोडं म्होरं सरका, रेघ ओली आहे. त्या म्हणाल्या, अय्या, किती गोड, पण म्होरं नाही हो, पुढे. म्हटलं, ताई, पुढे म्हणेपर्यंत गोल होतो. त्या दिवसापासून मी कोच काका.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी फोन आला. तिकडचा नवा सेक्रेटरी. म्हणाला, सॅम्युएल, आपली अमेरिकेत एक मैत्रीपूर्ण मॅच ठरलीय, कॅरिबियन बेटावरच्या एका टीमशी, तुझ्यापासून तासाच्या अंतरावर, आणि कोच सोडून गेला. तू तिथं आहेसच. मी म्हटलं, म्हणजे मी चांगला कोच आहे म्हणून नाही? तो म्हणाला, तू जवळ आहेस म्हणून. ठीक आहे. मग आवाज खाली करून म्हणाला, मंत्रीसाहेब स्वतः येतायत. त्यांना टीम पात्रता फेरीत पाठवायची इच्छा नाही. ही मॅच हरलात तर नाव मागं घेणार. मी फोन ठेवला आणि गवत कापायच्या मशीनवर तसाच बसून राहिलो. माझा डबा घेऊन आलेली ग्रेस म्हणाली, कोण होतं, एवढा काळा माणूस पांढरा कसा पडला?

तीन दिवस मिळाले सरावाला. पोरं आली. आमची पोरं म्हणजे जगभर विखुरलेली. गोलकीपर एमिल बेल्जियमचा, चौतीस वर्षांचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, फ्रेंचशिवाय अक्षर येत नाही. मधला बचाववाला पोर्तुगालमध्ये वाढलेला. फॉरवर्ड ओहायोचा, त्याला फक्त इंग्रजी. चारजण थेट देशातून आले ते आमच्या तिकडच्या भाषेत बोलणारे, ती भाषा बाकीच्यांच्या आयांना येते, ह्यांना नाही. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत ओरडलो तर चौघे पळाले, फ्रेंचमध्ये ओरडलो तर दोघे, आणि सगळे वेगवेगळ्या दिशेला. मी रडकुंडीला आलो. डोळ्यांपुढं तेच, विमानतळ, अठरा पोरं जर्सी उतरवतायत. आणि त्या धसक्यात माझ्या तोंडून आबा वस्ताद बाहेर पडले. माग्गं! सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, हेच. कुणाचीच भाषा नाही, म्हणजे सगळ्यांची. समोरच्या टीमला बापजन्मात कळणार नाही.

पांढऱ्या पट्टीवर सहा शब्द लिहून प्रत्येकाच्या मनगटाला बांधले, रोमन लिपीत. ओहायोवाला म्हणाला, कोच, हे सॉड काय, गवताचा गालिचा? कारण इंग्रजीत तेच स्पेलिंग, आणि मी तर रोज तोच गालिचा अंथरतो. म्हटलं, सॉड नव्हे बाळा, सोड. बॉल जातोय बाहेर, जाऊ दे, हात लावू नको. आणि दाबचं त्यानं डॅब वाचलं आणि त्या नावाच्या नाचाची पोज द्यायला लागला. पण तिसऱ्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, मी मागं म्हटलं की सहाजण एका रेघेत मागं. दाब म्हटलं की दाब. एमिल तर झोपेतसुद्धा सोड म्हणत असेल इतका पक्का.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. मॉरिसव्हिलच्या सगळ्या आईबापांना मॅचला बोलावलं.

तुम्हीच सांगा, मला सुचायला नको? तीनशे मराठी माणसं समोरच्या टीमच्या गोलच्या मागच्या स्टँडमध्ये बसली, आणि शिट्टी वाजल्यावर दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, हाण! आणि माझ्या ओहायोवाल्यानं अर्ध्या मैदानातून हाणला. बॉल पार्किंगमध्ये. पुन्हा हाण, पुन्हा हाणला. त्यांना वाटलं आपला पोरगा काय खेळतोय यार, अजून जोरात ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं थांब थांब, ते थर्मासमधून चहा ओतणाऱ्याला असेल, माझा अख्खा बचाव उभा राहिला पुतळ्यासारखा. समोरच्यांचा एक शॉट खांबाला लागला, नाहीतर तिथंच संपलं होतं. मंत्रीसाहेब वर बसलेले, चेहरा कुलूप.

हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये जायच्याऐवजी मी स्टँडकडं पळालो, दुखऱ्या गुडघ्यानं. हात जोडले. म्हटलं, काका, काकू, ताई, दादा, तुमच्या पाया पडतो, इंग्रजीत ओरडा. एक काका म्हणाले, अहो, आम्ही मुद्दाम मायबोलीत सपोर्ट करतोय. म्हटलं, तोच प्रॉब्लेम आहे. सांगितलं सगळं. शुभांगीताई लगेच उठल्या आणि सगळ्यांना मीटिंग घेतल्यासारखं सांगितलं, ऐकलंत ना, नो मराठी, फक्त गो टीम. आणि पाळलं बरं का. बाजू बदलल्या, एमिलचा गोल आता बरोबर ह्यांच्या पुढ्यात, आणि पूर्ण सेकंड हाफ तीनशे मराठी माणसं इंग्रजीत ओरडली. मला तर वाटलं, जमलं. शून्य-शून्य. ड्रॉ म्हणजे हरलो नाही. घड्याळात दोन मिनिटं उरलेली.

समोरून एक लांब, दमलेला बॉल आला. उडालेला नाही, जमिनीवरून घरंगळत. एमिल वाकला, दोन्ही हात पुढं, आजीसुद्धा पकडेल असा बॉल. आणि मागून, बरोबर त्याच्या मागून, खणखणीत आवाज आला. सोड! सोड म्हणते ना!

शुभांगीताईंच्या चार वर्षांच्या लेकीनं शेजारच्या पोराचा नाचोजचा डबा धरलेला. ताई तिच्याशी दिवसभर इंग्रजीत बोलतात, पोर इंग्रजीतच उत्तर देते, पण रागवायचं म्हटलं की बाई मराठीत रागावते, त्याला काय इलाज. पोर म्हणाली, बट मॉम, ही सेड आय कॅन! आणि एमिलनं हात वर केले, एक पाऊल बाजूला झाला, आणि बॉल आरामात, वाट विचारत विचारत, गोलमध्ये गेला.

तीनशे मराठी माणसं, आणि एकही मत नाही कुणाचं.

हरलो. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात पोरं भिंतीला टेकून बसलेली, एमिल हातमोजा दातांत धरून, त्याला अजून कळलेलं नाही की त्यानं चूक काय केली, कोच म्हणाला सोड, त्यानं सोडला. मंत्रीसाहेब आले. म्हणाले, गोलकीपर हात वर करून बाजूला होतो, ही टीम मी जगासमोर पाठवू? न गेलेलं बरं. तेच शब्द. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक बाई पोरीला रागावली आणि आमच्या देशाच्या गोलकीपरनं ऐकलं, हे ऐकून तर त्यांनी टीम कायमची बंद केली असती. म्हणून मी म्हटलं, साहेब, मी ओरडलो. माझा अंदाज चुकला, मला वाटलं बॉल बाहेर जातोय. ह्या पोरांनी तीन दिवसांत एक परकी भाषा शिकून हुकूम पाळला, असा हुकूम पाळणारी टीम तुम्हाला कुठं मिळेल? हरली टीम नाही, हरला मी. साहेबांनी एमिलकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, मग टीम जाईल. पण तू जाणार नाहीस. मी म्हटलं, चालेल.

आणि तेवढ्यात दारावरच्या गार्डला ढकलून शुभांगीताई आत. काखेत पोर, पोरीच्या हातात अजून तो नाचोजचा डबा, ताईंच्या डोळ्यांतून धारा. बाई सरळ मंत्रीसाहेबांपुढं उभी राहिली आणि मराठीत काहीतरी बोलली. अहो, दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेणारी बाई, त्या घडीला तिला इंग्रजीचा एक शब्द आठवला नाही, हे माझं केवढं नशीब. साहेबांनी मला विचारलं, ही काय म्हणते? मी म्हटलं, तुमच्याबरोबर एक फोटो काढायचा आहे म्हणते. साहेब खूश. कोट नीट केला. मी ताईंच्या हातातला फोन घेतला आणि काढला.

टीम गेली पात्रता फेरीत. दुसऱ्या कोचबरोबर. एक हरले, दोन ड्रॉ, पुढच्या महिन्यात अजून आहेत. मी दुपारी मशीन बंद करून फोनवर बघतो. गेल्या मॅचला, आवाज कान देऊन ऐकला, तर आमचा पोर्तुगीज बचाववाला जिवाच्या आकांतानं ओरडत होता, माग्गं! माग्गं! नव्या कोचला काय कळलं असेल, देव जाणे. मी गवतात बसलो आणि रडलो, खोटं का सांगू. बुधवारी दहा वर्षांखालच्यांचा सराव असतो, तुम्ही या. ताई आता लेकीला इंग्रजीतच रागवायचा लई प्रयत्न करतात बिचाऱ्या, जमत नाही.

तो फोटो त्यांच्या फ्रीजवर आहे. साहेब हसतायत, ताई ओक्साबोक्शी रडतायत, पोर नाचोज खातेय. ताई तेव्हा काय बोलल्या ते मी साहेबांना कधीच सांगणार नाही, पण तुम्ही लिहून घ्या, शब्दाला शब्द. त्या म्हणाल्या, अहो साहेब, ह्यांचं काही ऐकू नका, तो गोल मी केलाय!